पंधरापैकी पंधरा

कोमा स्केलवर मेलेल्या माणसालाही तीन मार्क मिळतात. डोळे उघडत नाही, एक. बोलत नाही, एक. हलत नाही, एक. नर्सिंग कॉलेजात हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आमचा अख्खा वर्ग हसला. आमच्यातल्या निम्म्या मुलींना युनिट टेस्टला तीनसुद्धा पडत नव्हते. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी फळ्यावर डोळ्यांचे चार, बोलण्याचे पाच, हालचालीचे सहा असे मार्क मांडले, खाली बेरीज पंधरा लिहिली आणि म्हणाल्या, "तीनवाल्या पेशंटला घाबरू नका, त्याच्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. पंधरावाल्याला घाबरा." मला तेव्हा ते नुसतं मास्तरकीचं बोलणं वाटलं.

मॅडम खुलताबादच्या. घरी दखनी, वर्गात एकदम स्वच्छ मराठी, आणि चिडल्या की दोन्ही एकदम. शिकवायला त्यांच्याकडे प्लॅस्टिकचा एक मेंदू होता, तुकड्या-तुकड्यांत सुटणारा. त्यातला कपाळामागचा तुकडा बसतच नसे, दर तासाला खाली पडायचा. तो उचलून त्या विचारायच्या, "इथं काय असतं?" आम्ही पोपटासारख्या सांगायचो, "विचार, निर्णय, हातापायांची हालचाल." त्यावर त्या स्वतःच्या कपाळावर बोट ठेवायच्या. "आणि लाज. काय बोलू नये, कुणासमोर बोलू नये, ते इथं ठरतं. हा भाग बिघडला तर माणूस शुद्धीत असतो, चालतो-बोलतो, पण तो तो राहत नाही."

प्रॅक्टिकलला मेंदूची तपासणी येणार हे जवळजवळ ठरलेलं होतं. वॉर्डात एकेका पेशंटभोवती मुलींची झुंबड. त्या बिचाऱ्याच्या डोळ्यांत दिवसभर टॉर्च मारून मारून तोच कोमात जायचा. म्हणून रविवारी मी होस्टेलमधल्या मैत्रिणीला घेऊन फुलंब्रीला घरी जायची आणि आम्ही आईलाच पेशंट करायचो.

आई घरी ब्लाउज शिवायची. आम्ही आलो की मशीनवरून उठायची, गळ्यातला टेप तसाच ठेवून पलंगावर आडवी व्हायची आणि म्हणायची, "चला, मारा हातोडी." टॉर्चच्या उजेडात बाहुली बारीक होते का, ते बघायचं. जीभ बाहेर, गाल फुगव, भुवया वर. गालाला कापूस, तळव्याला टाचणी. गुडघ्याखाली हातोडी बसली की पाय आपोआप उडायचा आणि ती स्वतःच हसत सुटायची. शेजारणी दारात थांबून बघायच्या आणि म्हणायच्या, "पोरीनं शिकून शिकून मायलाच येडं केलं की."

मग प्रश्न. आज वार कोणता, महिना कोणता, तू आता कुठं आहेस, घरात कोण कोण असतं. आणि नवऱ्याचं नाव काय. हा शेवटचा मॅडमनी घालायला लावला होता, कारण घरच्यांना तो लगेच पडताळता येतो. आमची गाडी इथं येऊन अडायची. आई पदर तोंडाला लावून भिंतीकडं वळायची.

"काकू, सांगा ना," माझी मैत्रीण नियमाला पक्की, "नाहीतर बोलण्याचा एक मार्क जातो."

"जाऊ दे की. मला कुठं नोकरी लागायची."

मैत्रीण तो मार्क खरंच कापायची. त्यामुळं माझी धडधाकट आई आमच्या सरावात कायम चौदाची पेशंट होती.

वडिलांना या गोष्टीचा मनापासून राग होता. ते चिकलठाण्याला कंपनीत कामाला. वाचणारे, जयंतीला स्टेजवरून बोलणारे. "आपण बौद्ध झालो," ते म्हणायचे, "देव सोडले, नवस सोडले, उपास सोडले. हिच्यानं हे एवढं एक सुटंना. अगं, मी तुला नावानं हाक मारतो, तू मला मारली तर काय जीभ झडंल का?" लग्न झाल्यापासून त्यांचं हे चालू होतं. आई सगळं ऐकून घ्यायची आणि पुढच्याच वाक्यात त्यांना 'अहो' म्हणायची. बाहेर बोलायची वेळ आली तर 'पोरीचे पप्पा'. बँकेत कोणी नाव विचारलं तर आधार कार्ड पुढं सरकवायची.

एकदा ते चिडून म्हणाले, "मी मेल्यावर तरी घेशील का?"

"मीच आधी जाईन," आई दोरा दातांनी तोडत म्हणाली, "मंग भांडनच मिटंल."

त्या वर्षी दिवाळीच्या शिलाईची घाई होती. आई वडिलांच्या मोटरसायकलवर बसून गुलमंडीला अस्तर आणि मॅचिंगचे दोरे आणायला गेली. परत येताना हर्सूलच्या पुढं एका गतिरोधकावर, ज्याला पट्टेही मारलेले नव्हते आणि दिवाही नव्हता, ती मागच्या मागं पडली. मांडीवर पिशव्या होत्या, धरायला हात मोकळा नव्हता. स्वतःच उठली. आधी पिशव्या तपासल्या, मग डोकं. कानामागं टेंगूळ आलं होतं. घरी येऊन हळद लावली आणि मशीनवर बसली.

मला हे फोनवर चेष्टेत कळलं. मी पाठ केलेलं सगळं विचारलं. उलटी झाली का, कानातून काही आलं का, सारखी झोप येते का, दोन-दोन दिसतं का. सगळ्याची उत्तरं 'नाय' आली. आई वर मलाच म्हणाली, "तू अभ्यास कर. माझं डोकं पयल्यापासून टणक हाय."

त्यानंतर काही आठवड्यांत घरात जे बदलत गेलं ते सांगायला अवघड आहे, कारण एकेक गोष्ट घेतली तर त्यात काहीच नव्हतं. तिचं डोकं दुखायचं. चष्म्याचा नंबर वाढला असेल, असं सगळ्यांचं मत. दुपारी कधी न झोपणारी बाई झोपायला लागली. एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजची डावी बाही तिनं उलटी जोडली. ते मी दाखवलं, तर फिटिंगमधल्या एका सुताच्या फरकावरून भांडणारी माझी आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे. घालंल ती." मशीनवर बसायची, पाय पायट्यावर, कापड सुईखाली, आणि चाक फिरतच नसायचं. माझ्या मैत्रिणीला तिनं जेवलीस का विचारलं नाही. आमच्या घरी आलेला माणूस न जेवता गेला असं मी कधी पाहिलं नव्हतं. घरात गॅसचा वास येतोय असं वाटावं आणि शेगडीपाशी जाऊन हुंगलं की येऊ नये, तसं मला व्हायचं. मी होस्टेलला परत जायची आणि ते विसरायचा प्रयत्न करायची.

वडील मात्र त्या दिवसांत खुशीत होते. रोज दाढी करायचे, कामावरून आल्यावर चहा स्वतः ठेवायचे, काहीतरी गुणगुणायचे. मला वाटलं, बायकोचं डोकं दुखतंय म्हणून सांभाळून घेताहेत. मला त्यांचं कौतुकच वाटलं.

प्रॅक्टिकलच्या आधीच्या रविवारी आम्ही दोघी सकाळीच पोचलो. आईची वंदना चालू होती, पाली शब्द एकही न चुकता. मी मनात म्हणाले, ठीक आहे, उगाच घाबरते मी. वंदना झाल्यावर तिला आडवी केली. दोन्ही बाहुल्या सारख्या, उजेडाला बारीक होणाऱ्या. वार बरोबर. महिना बरोबर. गाव बरोबर. मैत्रिणीनं सवयीनं, आधीच हसत, विचारलं, "आणि काकू, नवऱ्याचं नाव?"

आईनं सांगितलं.

नाव, सासऱ्याचं नाव, आडनाव. रेशनच्या दुकानात नंबर सांगावा तसं. छताकडं बघत. पदर खांद्यावरच होता. वडील दारात शर्टाची बटणं लावत उभे होते, तिनं त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

मैत्रिणीनं टाळीच वाजवली. "काकू! पंधरापैकी पंधरा!"

वडील खाली मान घालून हसले, हळद लागलेल्या नवरदेवासारखे. माझ्या हातात टॉर्च तसाच पेटलेला होता. मला भीती वाटली. इतकी भीती मला त्याआधी फक्त एकदा, पहिलं प्रेत उचलायला लावलं तेव्हा वाटली होती. ही बाई माझ्या आईसारखी दिसत होती, आईच्या पलंगावर पडली होती, आणि सगळी उत्तरं बरोबर देत होती.

"कामून थांबली?" ती म्हणाली. "इचार ना पुढचं."

मी तिला उठवून बसवलं. दोन्ही हात पुढं करायला सांगितलं, तळवे वर, ओंजळीत पाणी घ्यायचं असतं तसे. मग डोळे मीट म्हणाले. ही चाचणी आम्ही नेहमी घाईत उरकायचो, कारण त्यात कधी काही घडायचंच नाही. उजवा हात जागेवर राहिला. डावा तळवा हळूहळू आत वळायला लागला, जणू त्यातलं पाणी कोणी सांडतंय, आणि मग अख्खा हात खाली यायला लागला. इतका हळू, की मैत्रिणीला आधी दिसलंच नाही. दिसलं तेव्हा तिचं हसू गेलं.

"आई, डावा हात वर धर."

"वरच हाय की," डोळे मिटून आई म्हणाली. हात मांडीवर टेकला होता.

मी वडिलांना म्हणाले, आत्ताच्या आत्ता शहरात जायचं. आणि इथं मला पहिला धक्का बसला, कारण ते तयार होईनात. आज रविवार, कोण भेटंल. उद्या कंपनीत सांगून बघू. आता तर तुझी मैत्रीण पूर्ण मार्क देऊ राहिली. शेवटी माझ्यावर ओरडलेच, "इतक्या वर्षांनी बाई जरा शहाणी झाली, आन् तू तिला पेशंट करू राहिली व्हय!" मी ऐकलं नाही. मैत्रीण पळत जाऊन काळीपिवळी थांबवून आली.

जीपमध्ये आई खिडकीशी बसली होती. वारा लागला तशी तिनं वडिलांना नावानं हाक मारली आणि म्हणाली, "खिडकी लाव." लावा नाही, लाव. समोर बसलेल्या दोन म्हाताऱ्या एकमेकींकडं बघायला लागल्या. वडिलांनी मुकाट्यानं काच ओढली. आता ते हसत नव्हते.

कॅज्युअल्टीतला डॉक्टर तरुण होता आणि थकलेला होता. त्याने टॉर्च मारला, वार विचारला, बोट धरायला लावलं. "ताई, तुमच्या पेशंटचा स्कोअर पंधरा आहे. चालत आल्यात, बोलतायत. उद्या ओपीडीत दाखवा." मी डावा हात दाखवला. हात खाली आला, पण थोडासाच. "शिलाई करतात ना? खांदा धरला असेल," तो म्हणाला. त्याच्या मागं अपघाताचे दोन स्ट्रेचर लागले होते.

"सर, तिनं माझ्या वडिलांचं नाव घेतलं."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. "मग?"

मग काय, हे मला सांगता येईना. पंधरापैकी पंधरा मिळणं हाच आजार आहे असं मी कुठल्या तोंडानं सांगणार होते! मी बाहेर येऊन मॅडमना फोन लावला. सगळं ऐकून त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या.

"सबके सामने लिया?"

"हो मॅडम. पप्पा समोर होते."

"शरमाई? हँसी?"

"नाही."

"मेरी अम्मी ने पूरी उमर अब्बा का नाम नै लिया," त्या म्हणाल्या. "डॉक्टर को फोन दे."

त्या त्याच्याशी काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. फोन परत देताना त्याचा चेहरा बदलला होता. त्यानं आईचे हात पुन्हा पुढं करायला लावले आणि या वेळी घड्याळाकडं न बघता थांबला. डावा हात मांडीपर्यंत आला. त्यानं स्कॅन लिहून दिला आणि हळूच म्हणाला, "माझी आईपण घेत नाही."

स्कॅनवर उजव्या बाजूला कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये चंद्रकोरीसारखा पट्टा होता, आणि मेंदू डावीकडं ढकलला गेला होता. सर्जन समजावून सांगत होते. पडल्यावर एखादी बारीक शीर तुटते, रक्त थेंबाथेंबानं साठत जातं, आठवडे जातात, माणूस फक्त थोडासा बदलतो. मग एके दिवशी झोपतो तो उठत नाही. आता थांबायला वेळ नाही, कवटीला दोन भोकं पाडून ते काढावं लागेल. सही घेताना त्यांनी वडिलांना विचारलं, "हे आजचं नाही. आधी वागण्यात काही फरक जाणवला होता का?"

"नाय साहेब," वडील म्हणाले. "आजच."

तिला आत नेलं आणि आम्ही दोघं आवारात कडुलिंबाच्या झाडाखालच्या सिमेंटच्या बाकावर बसलो. मॅडम यायला निघाल्या होत्या, मैत्रीण त्यांना आणायला फाटकाशी गेली होती. ऊन उतरत होतं. वडील बराच वेळ चपलेच्या अंगठ्याकडं बघत होते.

"आजच नाय," ते म्हणाले.

मला कळलं नाही.

"नाव. दिवाळीच्या आधीपासून घेती ती."

"दिवाळीच्या आधी?" मी विचारलं.

"पयल्यांदी घेतलं तव्हा मी कामावरून येऊन हातपाय धूत व्हतो. मागून हाक आली. मला वाटलं, माझी मायच. माय गेल्यापासून घरात मला नावानं कोनी बोलिवलंच नव्हतं. वळून पायलं तर ही. मी म्हनलं, इतकी वर्षं सांगू राहिलो, शेवटी ऐकलं हिनं. तुला फोन करनार व्हतो. मंग वाटलं, तू तिला चिडवशील. ती लाजंल आन् बंद करंल."

"आणि हात? डाव्या हाताचं काही दिसलं नाही?"

"कप पडला व्हता. दोनदा." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "मला लई बरं वाटू राहिलं व्हतं गं. मी उगं ऱ्हायलो."

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं, आणि त्यांना जवळही घ्यायचं होतं, आणि यातलं एकही मला जमलं नाही. तेवढ्यात मॅडम आल्या. वडील उठून उभे राहिले, डोळे पुसले आणि त्यांना बसायला जागा करून दिली.

आई वाचली. निघालेलं रक्त जुनं होतं, गाडीतून काढलेल्या ऑइलसारखं काळपट, असं सर्जन म्हणाले. दाबलेला मेंदू हळूहळू जागेवर आला. काही दिवसांनी वॉर्डातल्या सिस्टरनं नवऱ्याचं नाव विचारलं, तेव्हा टक्कल केलेल्या डोक्यावर पट्टी बांधलेली माझी आई भिंतीकडं वळली. सिस्टरनं एक मार्क कापला. मी बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडले. मधले आठवडे तिला आठवत नव्हते, आजही आठवत नाहीत.

डावा हात मात्र पूर्ण परत आला नाही. बोटं वळतात, पण धरलेलं सुटतं. सर्जनना मी एकटी गाठून विचारलं, आधी आणलं असतं तर? ते म्हणाले, बहुतेक आला असता, नक्की सांगता येत नाही. हे मी वडिलांना सांगितलेलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. मशीनवर आता जुनी चादर असते.

भाकरी एका हातानं थापता येत नाही, म्हणून आता भाकरी वडील करतात. कामावरून येतात, हात धुतात, परात घेऊन बसतात. त्यांच्या भाकरीला कधी चार कोपरे असतात, कधी पाच. आई शेजारी पाटावर बसून बघत असते. पीठ मळलं गेलं नाही तर सांगते, तवा तापला की सांगते.

"अहो, कड फाटू राहिली. पानी लावा जरा."

ती अहो म्हणाली की त्यांचा हात परातीत थांबतो. क्षणभरच. मग ते पाणी लावतात आणि पुन्हा थापायला लागतात.

मागच्या सुट्टीत आईनं मला बाजूला घेऊन विचारलं, "तुझे पप्पा असे मधीच थांबत्यात कामून गं? माझं काय चुकतंय का बोलन्यात?"

मी म्हणाले, "नाही गं. तू बरोबर बोलतेस."